रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय कुठून?

प्रश्न : ताई नमस्कार, मला बरेच महिने ओटीपोटात आणि कंबरेत दुखतंय, पाळीच्या दिवसांत तर उभं राहवत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा. मागच्या वेळी नवऱ्याला सोबत नेलं तर सगळं त्यालाच विचारत होते, "घरी काही ताण आहे का यांना?" माझ्या भावाची कंबर धरली तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी एमआरआय लिहून दिला. आता मलाच वाटायला लागलंय, मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर : नाही, बाऊ करत नाही आहात तुम्ही. दुखणं मोजायचं मशीन नसतं, त्यामुळे पेशंट सांगतो त्यावर डॉक्टरने विश्वास ठेवायचा असतो आणि तो विश्वास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. 2024 मध्ये अमेरिका आणि इस्रायलमधल्या इमर्जन्सी विभागांतले हजारो पेशंटचे रेकॉर्ड तपासले गेले, तर दुखण्याची तक्रार तेवढीच असूनही बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा पेनकिलर दिलेली निघाली, आणि डॉक्टर बाई असो की पुरुष, फरक होताच. म्हणजे लेडी डॉक्टरकडे गेलं की झालं, असं नाही.

बरं, हे फक्त बायकांचंच नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गोऱ्या मेडिकल स्टुडंट्स आणि रेसिडेंट डॉक्टरांना विचारलं तर जवळपास निम्म्यांना 'काळ्या लोकांची कातडी जाड असते' यासारखी एखादी तरी खोटी समजूत खरी वाटत होती, आणि ज्यांच्या डोक्यात अशा समजुती होत्या त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं. ही डॉक्टरकी शिकलेली माणसं! नवजात बाळांना तर दुखणं नीट कळतच नाही असं धरून 1980 च्या दशकापर्यंत कितीतरी ऑपरेशनं अगदी कमी भूल देऊन व्हायची. ज्याला आपलं म्हणणं मांडता येत नाही त्याचं दुखणं नाहीच, असा हिशोब.

तुमच्या भावाला पहिल्याच दिवशी एमआरआय लागत होता असं मी म्हणणार नाही, कंबरदुखीत बहुतेकदा लागत नाही. पण त्याची कंबर तपासली आणि तुमचा स्वभाव तपासला, राग यावा अशी गोष्ट ही आहे.

आता रिपोर्टचं. एंडोमेट्रिओसिस नावाचा आजार आहे, त्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेरही वाढतो, जगात पाळीच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना असतो आणि साध्या सोनोग्राफीत तो बऱ्याचदा दिसतच नाही. निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात. तुम्हाला तोच आहे असं इथे बसून मी सांगू शकत नाही, पण नॉर्मल सोनोग्राफीवर विषय बंद करता येत नाही एवढं नक्की.

पुढच्या वेळी जाताना "खूप दुखतं" एवढंच सांगू नका, दुखण्यामुळे काय अडलं ते सांगा. रात्री कूस बदलताना जाग येते, बादली उचलता येत नाही, पाळीच्या दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी पडते, संडासला बसताना कळ येते, असं तारखेनिशी वहीत लिहून न्या. मग सरळ विचारा, "एंडोमेट्रिओसिस नाही हे कशावरून ठरवलं?" तपासणी नको म्हणाले तर शांतपणे म्हणा, का नको ते केसपेपरवर लिहून द्या. हे लिहायची वेळ आली की पुष्कळदा पुन्हा विचार होतो. नवऱ्याला न्या जरूर, पण आधी सांगून ठेवा की प्रश्न त्यांना आला तरी त्यांनी "तिलाच विचारा" एवढंच म्हणायचं.

आणि ताणाबद्दल विचारलं तर नाकारू नका, इतके महिने दुखल्यावर कुणालाही ताण येईलच. फक्त ताणाचं औषध देऊन दुखण्याची तपासणी थांबवू देऊ नका. तरीही ऐकलं नाही तर सगळी फाईल घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. मधेच पोटात अचानक असह्य कळ आली, चक्कर आली, किंवा कंबरेसोबत पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.