दुधाच्या पिशव्यांचं काय करायचं?

प्रश्न : ताई, आमचं पुण्यात चहा-नाश्त्याचं छोटं दुकान आहे, रोज पंचवीसेक दुधाच्या पिशव्या निघतात. भंगारवाला म्हणतो वास येतो, नको. मग ओल्या कचऱ्यात टाकू का?

उत्तर : अहो ओल्यात अजिबात नको, खतात प्लास्टिक जातं! भंगारवाल्याचंही बरोबर आहे हो, न धुतलेली पिशवी दोन दिवसांत आंबते, कोण घेणार ती. तुम्ही एक करा, पिशवी रिकामी झाली की लगेच थोडं पाणी घालून खळबळा, ते पाणी कुंडीत ओता, आणि पिशवी उलटी करून दोरीवर चिमट्याने लावा. हे प्लास्टिक चांगल्या प्रतीचं असतं, त्याचे दाणे करून परत वापरता येतं, म्हणूनच स्वच्छ कोरडी असली की बहुतेक भंगारवाले घेतात, नाहीतर तुमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येत असतील तर सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत द्या.

आणि हो, कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, जरासा लटकता ठेवा. तो एवढासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो (आमच्या घरी यावरून रोज सकाळी भांडण!).