कॉलेजवाला हिस्लॉप नेमका कोणता?

प्रश्न : रामराम भाऊ. पोराले नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ॲडमिशन भेटली. पानठेल्यावर दोस्त म्हणे का होळकरायले हरवणारा इंग्रज जनरल हिस्लॉप, त्याच्याच नावाचं कॉलेज हाये हे. मी म्हटलं पाद्री होता तो. खर्र्याची पैज लागली. आन् हे हिस्लॉप सारे एकाच घरचे का जी?
– एक शेतकरी, हिंगणा तालुका

उत्तर : पैज तुम्हीच जिंकली भाऊ, पण खर्रा राहू द्या, तर्रीपोहे घ्या. दोस्तानं दोन माणसं एकात कालवली. जनरल होता सर थॉमस हिस्लॉप, २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढला तो. कॉलेजवाला स्टीफन हिस्लॉप त्याच साली सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला, म्हणजे लढाईच्या वेळी पाळण्यातलं लेकरू! बाप गवंडी. हा १८४५ मध्ये नागपुरात आला, दुसऱ्या वर्षी शाळा काढली आणि कॉलेज मात्र त्याच्यामागं १८८३ ला निघालं.

आता आडनाव. हेझल, म्हणजे चॉकलेटात तो नट असतो ना त्याचं झाड, त्या झाडांची दरी असा हिस्लॉपचा अर्थ सांगतात. आपल्याकडं बोरी नावाची गावं किती, अन् त्यावरून बोरकर किती, म्हणून काय सगळ्या बोरकरांचा आजा एकच? तसंच हे. स्टीफनचा सख्खा भाऊ अलेक्झांडर, तोही पाद्री अन् पोपच्या विरोधात जाडजूड पुस्तक लिहिणारा, ते नातं पक्कं. न्यूझीलंडात वेलिंग्टनचे दोन महापौर हिस्लॉप झाले, ते बापलेक. एडिनबराचा गायक जोसेफ हिस्लॉप, लंडनच्या ‘प्रायव्हेट आय’ या टवाळखोर मासिकाचा संपादक इयन हिस्लॉप, यांना नुसत्या आडनावावरून स्टीफनच्या घरात बसवू नका.

खरं सांगू, या सगळ्यांत मला स्टीफनच आवडतो. धर्मप्रचाराला आला पण खिशात दगड भरून फिरायचा, टाकळीचा एक हिरवट दगड तर त्याच्या नावानं हिस्लोपाइट झाला, मांगलीला जुन्या बेडकाच्या जातीतल्या प्राण्याची कवटी सापडली ती लंडनपर्यंत गेली, आणि गोंडांचा देव मानला जाणाऱ्या लिंगोची गाणी त्यानं लिहून ठेवली ती तो गेल्यावर १८६६ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं छापली.

अन् गेला कुठं म्हणता? तुमच्याच तालुक्यात! सप्टेंबर १८६३, टाकळघाटची जुन्या काळच्या दफनांभोवतीची दगडांची वर्तुळं बघून बोरीकडं परतत होता, रात्रीची वेळ, नाल्याला पूर, घोडा घातला पाण्यात अन् वाहून गेला. पोराला घेऊन एखाद्या रविवारी टाकळघाटला जाऊन या, पण पावसाळ्यात नको.