घरी आलेल्या पाहुण्यांना चपला-बूट दारात काढायला कसं सांगावं?

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: संभाजीनगरात नवा फ्लॅट घेतला, पांढऱ्या टाइल्स आहेत, घरात रांगतं बाळ आहे आणि मिस्टरांच्या ऑफिसातली मंडळी बुटांसकट थेट सोफ्यापर्यंत येतात. तोंडावर सांगितलं तर पाहुण्याचा अपमान होईल का?

नाही होत. चपला काढून घरात जायचं हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. तोच साहेब गावाकडं आईच्या घरी गेला की उंबऱ्याबाहेर बूट काढतो. तुमच्याकडं काढत नाही, कारण तुमच्या दारात बूट काढायला जागाच नसणार.

माझं सासर लातूरजवळच्या औशाकडचं, माळवदाचं म्हणजे सपाट मातीच्या छताचं जुनं घर. मोठ्या दारातून आत आलं की ढाळज म्हणजे दारालगतची पडवी, मग चौक, मग ओसरी. माणूस ढाळजेत जोडे काढायचा, रांजणाजवळ पाय धुवायचा आणि मग ओसरीवरच्या सतरंजीवर टेकायचा. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. फ्लॅटमध्ये ढाळजही गेली आणि ओसरीही. दार उघडलं की समोर हॉल. पाहुण्याचा एक पाय आत, मागं लिफ्टमधून उतरलेले आणखी दोघं, समोरून तुमचं "या या, बसा" आणि सोफा चार पावलांवर. अशा वेळी तो लेस सोडायला वाकणार कुठं? अजिंठ्याला रंगचित्रांच्या लेण्यांत शिरताना परदेशी पाहुणेसुद्धा दारात गुपचूप बूट काढतात. तिथं बूट काढायची जागा दिसते, आणि पुढचा माणूस काढताना दिसतो.

तेव्हा आधी जागा करा. दाराच्या आत, बाहेर नव्हे. बाहेर मे महिन्यात चपला अशा तापतात की परत पायात घालवत नाहीत, आणि नवे बूट कुणी उचलून नेले तर पाहुण्याशी कायमचं बिनसतं. गडद रंगाचं मोठं पायपुसणं टाका. चप्पल स्टँड उघडाच ठेवा. कपाटासारखा बंद असला तर पाहुण्याला ते शोभेचं फर्निचर वाटतं. घरातल्यांच्या चपला त्यावर कायम दिसू द्या. आणि शेजारी एक स्टूल. हे स्टूल लोक हमखास विसरतात. गुडघे धरलेल्या मावशींना एका पायावर उभं राहून सँडलचा पट्टा सोडता येत नाही. लाजेखातर त्या सँडलसकट आत येतात, आणि आपण त्यांना बेशिस्त ठरवून मोकळे होतो.

एवढं केलं की निम्म्याहून जास्त लोक आपण होऊन काढतात. राहिलेल्यांना सांगायचं ते उंबऱ्यावरच. माणूस सोफ्यावर बसला, हातात पाण्याचा ग्लास आला आणि मग तुम्ही "तेवढे बूट..." म्हणालात, तर त्याला उठून सगळ्यांदेखत दारापर्यंत परत जावं लागतं. राग येतो तो इथं. दार उघडतानाच हसून म्हणा, "या ना भाऊ, बूट आत घ्या, इथं स्टँडवर ठेवा, बाहेर कुत्रं नेतंय." यात काळजी त्याच्या बुटांची दिसते आणि काम तुमचं होतं. आमच्या गल्लीत कुत्री खरंच नेतात, त्यामुळं मला खोटंही बोलावं लागत नाही. वडीलधारं कुणी असेल तर "काका, इथं स्टुलावर टेका" एवढं पुरे. टेकल्यावर हात आपोआप पायाकडं जातो. बाळाचं कारणही चांगलं आहे आणि खरं आहे: "फरशीवरचं सगळं तोंडात घालतंय हो." यावर तोंड वाकडं करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पूर्वी याहून सोपा उपाय होता, पाय धुवायला पाणी देणं. तांब्या पुढं केला की जोडे काढा म्हणायचं कामच नव्हतं. पण 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा जपून देत होतो, पायांना कुठलं? आमच्या घरातला तो तांब्या तेव्हा बंद झाला तो झालाच. तुमच्याकडं पाणी असेल तर पावसाळ्यात जरूर ठेवा. काळ्या रानातून आलेला पाव्हणा चिखल चिकटून जड झालेले जोडे स्वतःच पायरीवर खरवडतो. त्याला सांगायचं काहीच नसतं, फक्त पाणी द्यायचं.

आता एक गोष्ट, जी लोक बोलायला कचरतात. चपला काढायला लावणं आपल्या भागात निव्वळ स्वच्छतेपुरतं कधीच नव्हतं. दलित माणसानं वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घ्यायचं, ही रीत पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत. म्हणून नियम करायचा तर सगळ्यांना एकच करा. साहेब बुटांसकट सोफ्यावर आणि नळ दुरुस्त करणारा मिस्त्री मात्र जिन्यात चपला काढून, हे मिस्त्रीला बरोबर कळतं. त्याचा अपमान तुम्ही केलेला असतो, मग कितीही गोड बोललेलं असा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जोडेघरातले सेवेकरी दोन्ही हातांनी जोडे घेतात. त्यांत चांगल्या खात्यापित्या घरची माणसंही असतात. तिथं जोडे काढून देताना कुणाला कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही. घरी एवढं नको, पण पाहुण्याचे बूट वाटेत आले तर पायानं ढकलू नका, हातानं उचलून ठेवा.

सगळ्यांना एक नियम म्हटलं तरी काहींना सूट द्यावी लागते, पण ती कारणाला, हुद्द्याला नाही. विजेचं काम करणाऱ्याला चपला काढायला सांगू नका. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वायरीला हात लावणं जिवावर बेतू शकतं. गॅस सिलिंडरवाला तीसेक किलोचं वजन खांद्यावर घेऊन जिना चढून आलेला असतो. त्याला दारात वाकायला लावण्यापेक्षा दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जुनी चादर नाहीतर पोतं अंथरा. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्यांना डॉक्टरच घरातही अनवाणी चालू देत नाहीत. त्यांच्यासाठी घरात वापरायच्या स्वच्छ स्लिपरचे एक-दोन जोड बाजूला ठेवावेत. मोजा फाटलेला असणारा माणूसही असतो बरं का. त्याची चुळबुळ दिसली की आपण पाणी आणायच्या निमित्तानं आत जावं.

घरात कुणी वारल्यावर बसायला, भेटायला लोक येतात, तेव्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. निवडणुकीतले उमेदवार वीसेक कार्यकर्ते घेऊन येतात, तिथं तोंड उघडून उपयोग नाही. आणि महालक्ष्म्यांच्या म्हणजे गौरींच्या दिवसांत गरजच पडत नाही. दारापासून आतपर्यंत पावलं काढलेली असली की त्यांवरून बूट घालून जायची कुणाची छाती होत नाही. फक्त जाताना चपलांची अदलाबदल होते, तेवढं बघा.

दारावर पाटी लावू का, असंही विचारलंय. दवाखाना किंवा शिकवणी घरात असेल तर लावा. नुसत्या घराला पाटी मला तरी कोरडी वाटते. माणूस बेल वाजवून उभा असतो आणि घर त्याला आधी सूचना वाचायला लावतं.

एवढं करूनही कुणी बुटांसकट आत आलाच तर येऊ द्या. तो बसलेला असताना मागून फडकं मारू नका, तो गेल्यावर पुसा. पुढच्या वेळी ऑफिसची मंडळी यायची असतील तेव्हा बोलायचं काम मिस्टरांवर सोपवा. माणसं त्यांची आहेत. दार त्यांनी उघडावं, स्वतः अनवाणी असावं आणि बोट स्टँडकडं करावं. तुम्ही चहाचं बघा.