हात आखडता घ्यायचा नाही

गेल्या अंकात संपादकांनी तुमच्याकडून माझ्यासाठी प्रश्न मागवले होते. बहुतेकांनी हेच विचारलंय की आवडतं काय, आठवतं काय आणि कुणाकडे बघून खेळते. मला व्यावसायिक टेनिस खेळायला लागून तेरा वर्षं झाली. एकेरीही खेळते, दुहेरीही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जे प्रश्न वाचल्यावर डोक्यातून जाईनात ते इथे घेतले आहेत.

ताई, तुमचा सगळ्यात आवडता फटका कोणता?

दुसरी सर्व्हिस. हे ऐकून मुलं जरा हिरमुसतात, त्यांना फोरहँड ऐकायचा असतो.

पहिली सर्व्हिस चुकली तर चुकली, अजून एक संधी असते. दुसरी चुकली की गुण गेला, आणि समोरचीला त्यासाठी रॅकेटही हलवावी लागत नाही. मध्ये वेळही मिळत नाही. दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद असतात, पण दुसरी सर्व्हिस विनाविलंब करायची असा नियम आहे. पहिला चेंडू नेटमध्ये आदळल्याचा आवाज कानात असतो, तोवर दुसरा हातात आलेला असतो.

त्यातलं गणित कळलं तेव्हापासून मला हा फटका आवडायला लागला. नेट मध्यभागी ३ फूट उंच असतं आणि सर्व्हिस लाइन नेटपासून २१ फुटांवर. तेवढ्यात चेंडू उतरवायचा तर त्याला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरकी, हवा. रॅकेट खालून वर चेंडूच्या पाठीवरून घासत जाते, चेंडू नेटच्या बराच वरून जातो आणि पलीकडे एकदम खाली झुकतो. हा स्पिन येतो हाताच्या वेगातून. घाबरून हात हळू केला की स्पिन कमी होतो, चेंडू झुकत नाही आणि लाइनच्या पलीकडे जाऊन पडतो. म्हणजे जपून केलेली सर्व्हिसच जास्त धोक्याची! हात आखडता घेणं हे आपण पैशांच्या बाबतीत म्हणतो. टेनिसमध्ये ते अक्षरशः दिसतं. कोपर शरीराजवळ येतं, मनगट घट्ट होतं आणि चेंडू बाहेर जातो.

अजून एक गोष्ट बघा पुढच्या वेळी. खेळाडू सर्व्हिसच्या आधी तीन-चार चेंडू मागून घेतात आणि एखाद-दुसरा परत देतात. मी हातात फिरवून त्यांची लव बघते. लव बसलेला, गुळगुळीत चेंडू पहिल्या सर्व्हिसला, कारण तो हवेतून लवकर जातो. लव फुललेला चेंडू दुसरीसाठी खिशात. तो जरा हळू जातो आणि स्ट्रिंगना धरतो. मोठ्या स्पर्धांत नवे चेंडू आधी सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर मिळतात. त्यामुळे बदलाच्या आधीच्या गेममध्ये सगळेच फुललेले असतात आणि निवडायला काही उरत नाही. तो गेम मला नेहमी लांबलचक वाटतो.

विसरता येत नाही अशी एखादी आठवण?

पात्रता फेरीतला शेवटचा सामना. तो जिंकला की मुख्य स्पर्धेत जागा. तिसरा सेट, ५-४, ४०-३०, सर्व्हिस माझी. मॅच पॉइंट, म्हणजे हा गुण मिळाला की सामना माझा.

पहिली सर्व्हिस नेटच्या पांढऱ्या पट्टीला लागून माझ्याच बाजूला पडली. मी खिशातून चेंडू काढला. नेहमी तीन टप्पे देते, तेव्हा एकच दिला. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू, वर गेला आणि मला कळलं की तो डोक्यामागे चाललाय. टॉस बिघडला तर रॅकेट न फिरवता चेंडू पकडता येतो, तो फॉल्ट, म्हणजे चुकलेली सर्व्हिस, धरत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी थांबले नाही. त्या चेंडूला नुसती रॅकेट लावली. तो सर्व्हिस लाइनच्या वीतभर पलीकडे पडला. ती वीत मला अजून दिसते. तो गेम गेला, पुढचे दोनही गेले, सेट ७-५ ने गेला आणि सामनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझे प्रशिक्षक चेंडूंची टोपली घेऊन कोर्टवर उभे होते. सामन्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "महिनाभर तुला पहिली सर्व्हिस नाही." सरावाचे सेट, टायब्रेक (६-६ झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम), सगळं एकाच सर्व्हिसवर. ती चुकली की गुण समोरच्याचा. पहिल्या आठवड्यात मी आमच्या सरावातल्या ज्युनियर मुलींकडूनही हरले. रोज रात्री खांद्यावर बर्फ आणि डोळ्यात पाणी. तिसऱ्या आठवड्यात एका टायब्रेकमध्ये, ५-६ असताना, मी विचार न करता सर्व्हिस केली. चेंडू झुकून आत पडला आणि समोरच्या मुलीच्या खांद्यापर्यंत उसळला. हात पूर्ण फिरला होता, आवाजावरूनच कळलं. मी प्रशिक्षकांकडे बघितलं. त्यांनी टोपली उचलली आणि म्हणाले, "उद्या सातला."

आज मला जे काही येतं ते त्या महिन्यातून आलंय असं मी मनापासून मानते.

तुमची प्रेरणा कोण? मोठमोठ्या विजेत्यांपैकी कुणाचं नाव घ्याल?

चेक टेनिसपटू याना नोव्होत्ना. आजच्या मुलांना हे नाव फारसं माहीत नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

१९९३ ची विम्बल्डनची अंतिम फेरी, समोर स्टेफी ग्राफ. तिसऱ्या सेटमध्ये नोव्होत्ना ४-१ ने पुढे, ४०-३०, सर्व्हिस तिची. हा गुण मिळाला की ५-१. तिथे तिने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या. त्यानंतर तिला एकही गेम मिळाला नाही आणि ग्राफने सामना ७-६, १-६, ६-४ असा जिंकला. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोकं ठेवून नोव्होत्ना रडली. जगभर तोच फोटो छापून आला.

मी ते रेकॉर्डिंग माझ्या त्या पराभवानंतर पाहिलं. तिचा डबल फॉल्ट मी कितीतरी वेळा मागे नेऊन बघितला. नंतर शोधत गेले तेव्हा बाकीचं कळलं. १९९७ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत आली आणि मार्टिना हिंगीसकडून हरली. १९९८ मध्ये तिसऱ्यांदा आली. नाताली तोझियाला ६-४, ७-६ असं हरवलं आणि एकोणतिसाव्या वर्षी विम्बल्डन जिंकली. ट्रॉफी द्यायला डचेस ऑफ केंटच होत्या.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती वाटते, सांगू? तिने खेळ बदलला नाही. सर्व्हिस केली की नेटकडे धावायचं आणि चेंडूचा टप्पा पडायच्या आत व्हॉली मारायची, हीच तिची पद्धत १९९३ मध्ये होती आणि १९९८ मध्येही. ज्या पद्धतीने खेळताना जगासमोर एवढी मोठी चूक झाली, तिच्यावर पाच वर्षं विश्वास ठेवायचा, हे मला अजून पूर्ण जमलेलं नाही. २०१७ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी ती गेली. त्या दिवशी माझा सामना होता. मी एकही सर्व्हिस आखडून केली नाही.

दुसरं नाव एस्थर व्हर्खेर. नेदरलँड्सची व्हीलचेअर टेनिसपटू. २००३ पासून २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती एकेरीत एकही सामना हरली नाही. सलग ४७० विजय! व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्प्यांची मुभा असते, बाकी कोर्ट तेच, नेट तेच. एकदा एका व्हीलचेअर खेळाडूबरोबर सराव करायची संधी मला मिळाली. रॅकेट धरलेल्या हातानेच ती चाक ढकलत होती. आम्ही उभे असतो तेव्हा बाजूला दोन पावलं सरकणं सोपं असतं. खुर्ची बाजूला सरकत नाही, म्हणून माझी रॅकेट चेंडूला लागायच्या आतच ती वळायला सुरुवात करायची. शिवाय बसून सर्व्हिस. चेंडू इतक्या खालून निघतो, तरी त्याच नेटवरून त्याच चौकोनात उतरवायचा. मी तिला विचारलं, दुसऱ्या सर्व्हिसला भीती वाटत नाही का? ती म्हणाली, "वाटते ना. पण वर मारावंच लागतं, नाहीतर नेट दिसतंच समोर."

आवडतं कोर्ट कोणतं? क्ले, ग्रास की हार्ड?

क्ले. फ्रेंच ओपनचं लाल कोर्ट म्हणजे विटांचा चुरा, आणि तोही जेमतेम दोन मिलिमीटरचा थर, खाली चुनखडी. त्यावर घसरत जाऊन फटका मारण्यात जो आनंद आहे तो दुसरीकडे नाही. पायमोजे कितीही धुतले तरी लालच राहतात.

खरं कारण वेगळं आहे. क्लेवर चेंडूची खूण राहते. एका सामन्यात माझा चेंडू बाहेर दिला गेला. मी काही म्हणायच्या आत समोरची खेळाडू स्वतः खुणेपाशी गेली, वाकून बघितलं, पायाने ती खूण पुसली आणि पंचांना म्हणाली, चेंडू आत होता. तेव्हा तिला एक गुण फार महागात पडणार होता. तो सामना कोण जिंकलं हे मला आठवावं लागतं. तिचा तो पाय मात्र आठवावा लागत नाही. विम्बल्डनने २०२५ पासून लाइनवरचे पंच काढून यंत्र बसवलं. निर्णय अचूक होतील, हे मला मान्य आहे. फक्त हे क्लेवरही सगळीकडे आलं तर खूण पुसायची संधी कुणाला मिळणार नाही, याची हुरहुर वाटते.

तुमच्या किटबॅगमध्ये काय काय असतं?

पाच रॅकेट्स. दोन ५२ पौंडांच्या ताणावर स्ट्रिंग केलेल्या, दोन ५० वर, एक थंड हवेसाठी ४८ वर. ग्रिपची गुंडाळी, कात्री, टेप, दोन टोप्या, जास्तीचे पायमोजे. आणि एक छोटी वही. कोर्ट बदलताना बसायला मिळतं तेव्हा मी ती उघडते. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, "टॉस बिघडला तर पकड."

प्रतिस्पर्ध्यांशी खरी मैत्री होते का?

होते. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा एकमेकींविरुद्ध ८० सामने खेळल्या, त्यातले ६० अंतिम फेरीतले. नवरातिलोव्हा ४३-३७ ने पुढे. एवढं होऊनही त्या आजवर मैत्रिणी आहेत. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने मला सात वेळा हरवलं आहे. माझी दुसरी सर्व्हिस कुठे पडणार हे तिला माझ्याआधी कळतं.

दर आठवड्याला हरून पुन्हा खेळायला जाणं कसं जमतं? माझा मुलगा एक सामना हरला की आठ दिवस बोलत नाही.

तुमच्या मुलाला एक हिशेब सांगा. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. पंधरा दिवसांत त्यातले १२७ जण हरून घरी जातात. जगातले सगळ्यात चांगले १२७ जण. मी वर्षातले बहुतेक आठवडे हरूनच संपवते. हरल्यावर मी तासभर कुणाशी बोलत नाही, मग अर्धा तास चालते, मग वहीत तीन ओळी लिहिते: काय चाललं, काय नाही, उद्या काय. आठ दिवस गप्प बसायला आम्हाला वेळच नसतो, पुढच्या स्पर्धेची पात्रता फेरी तोंडावर असते. त्याला रागावू नका. त्याच्या हातात रॅकेट द्या आणि तुम्ही समोर उभे राहा. येत नसलं तरी उभे राहा.

ताई, मी बारा वर्षांची आहे. सरावात माझी सर्व्हिस छान पडते, पण मॅचमध्ये हात थरथरतो आणि डबल फॉल्ट होतात. मी काय करू?

तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि उत्तर शेवटी लिहितेय, कारण मला नीट लिहायचं होतं.

हात माझाही थरथरतो. तो थांबवायचा प्रयत्न करू नकोस, त्यात सगळी ताकद जाते. आधी चेंडू कसा धरतेस ते बघ. तळहातात दाबून धरत असशील तर टॉस वाकडाच जाणार. बोटांच्या पेरांवर धर, अंगठ्यासकट, भरलेली वाटी उचलावी तसा. हात सरळ वर जाऊ दे आणि बोटं एकदम उघड. टॉस आवडला नाही तर पकड आणि पुन्हा टाक. कुणी हसणार नाही, आणि हसलं तरी तो फॉल्ट नाही.

मग सरावात रोज शेवटी दहा चेंडू घे. फक्त दुसरी सर्व्हिस. नेटच्या वर, तुझ्या रॅकेटच्या लांबीएवढ्या उंचीवर एक दोरी आहे असं समज आणि चेंडू तिच्यावरून ने. हात पूर्ण फिरला पाहिजे. चेंडू बाहेर गेला तरी चालेल, पण हात अर्धवट थांबला तर तो चेंडू मोजायचा नाही, पुन्हा मारायचा. पहिले काही दिवस दहातले सात-आठ बाहेर जातील. जाऊ देत. कुठे पडतात त्याची वहीत खूण कर, लांब, नेट, डावीकडे, उजवीकडे.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन मला पुन्हा पत्र लिही. किती आत पडले हे नको सांगूस. किती वेळा हात पूर्ण फिरला, तेवढं सांग.