महागड्या वाघिणीची पायरी कुठे गेली?

प्रश्न : मी एचओ मापाची (1:87, म्हणजे खरीच्या 87 पट लहान) अमेरिकन मालगाडी, मॉडेलची, जमवतोय. गेल्या वर्षी एक महागडी हॉपर वाघीण (कोळशासारखा सुटा माल नेणारा मालगाडीचा डबा) घेतली. शिड्या, हातदांडे (डब्यावर चढताना धरायचे दांडे), ब्रेकचे पाइप सगळे वेगळे बसवलेले. पावसाळा सरेपर्यंत एक पायरी गायब झाली, दोन हातदांडे लोंबकळू लागले. स्वस्तातल्या वाघिणीच्या शिड्या बॉडीतच ओतलेल्या आहेत, तिला मात्र काही झालं नाही. मी फसलो का?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : फसला नाहीत. जास्तीचे पैसे गेले ते बारीक कामाचे. टिकाऊपणाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. माझी सगळी नोकरी मुंबईत वाडीबंदरला रेल्वेच्या खऱ्या वाघिणी तपासण्यात गेली, त्यामुळे हातदांडा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे खऱ्या वाघिणीचा हातदांडा कमीत कमी 5/8 इंच, म्हणजे जेमतेम 16 मिमी जाड लागतो. त्याला 87 ने भागा, 0.18 मिमी येतात! एवढं बारीक प्लास्टिक साच्यातून धड निघत नाही. म्हणून दांडा थोडा जाड करतात, तरी तो नाजूकच राहतो. बॉडीत ओतलेल्या शिडीला पाठीमागे अख्ख्या भिंतीचा आधार असतो. ती तुटणार कशी?

आता उरलेली पायरी नखाने अगदी हळू वाकवून बघा. हाताला मेणचट लागली आणि वाकून परत सरळ झाली, तर ती एसिटल नावाच्या लवचिक प्लास्टिकची. वाकवलेल्या जागी पांढरट वळ दिसू लागला तर स्टायरीन किंवा एबीएस या कडक प्लास्टिकची. लगेच सोडून द्या, पुढे ती तुटेलच. एसिटल सहसा तुटत नाही, पण त्याला गोंदही नीट धरत नाही आणि रंगही. तुमचे हातदांडे मोडले नाहीत, निखळलेत, त्यावरून मला एसिटलचाच संशय येतो.

सुपरग्लू लावायची घाई करू नका. तो हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. जुलैतल्या दमट हवेत त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी बसते, आणि सांधा कडक झाला तरी ठिसूळ राहतो, एका धक्क्याला सुटतो. मी तारेचा दांडा बसवतो. 0.3 मिमीची फॉस्फर ब्राँझची तार घ्यायची, पिन व्हाइसमध्ये (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) 0.35 मिमीचं ड्रिल धरून दोन आरपार भोकं पाडायची, तार ओवून टोकं आतून वाकवायची आणि मग आतल्या बाजूने गोंदाचा एक टिपका द्यायचा. पकड तारेची, गोंद नुसता मदतीला. हॉपरमध्ये कोळशाचा लोड ठेवलात की आतला वाक दिसतही नाही. गेलेली पायरीसुद्धा अशीच होईल, फक्त तिला 0.4 ची तार घ्या.

पुढची वाघीण घेताना शिड्यांआधी ती उलटी करून खालची बाजू बघा. चाकं धातूची हवीत; प्लास्टिकची चाकं मळ धरतात आणि तो रुळांवर पसरवतात. वजनासाठी एनएमआरएचा (अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना) नियम सोपा आहे: मुळात 1 औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. 6 इंची वाघीण 4 औंस, म्हणजे साधारण 113 ग्रॅम भरली पाहिजे. हलकी असेल तर वळणावर घसरते, आणि पायऱ्या मोडतात त्या बहुतेक अशा घसरण्यात किंवा कपलर (दोन वाघिणी जोडणारा आकडा) सोडवताना. स्वस्तातल्या वाघिणीत वजनाला लोखंडी पट्टी असते. आपल्या हवेत ती गंजते, तेव्हा एकदा काढून, घासून, तिला रंग द्या.

आणि खोक्यातला मऊ फोम आजच काढून टाका. पॉलीयुरेथेन फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, त्याचा भुगा पडतो आणि वाघीण काढताना नेमके हातदांडे त्यात अडकतात. त्याऐवजी साधा पांढरा टिश्यू आणि सिलिका जेलची पुडी ठेवा. वाघीण काढताना टोकांना धरू नका, शिड्या तिथेच असतात. बोटं बाजूंच्या मधल्या भागावर ठेवून उचला.