शिल्लक पुरेशी, तरी हात आखडता

प्रश्न : माझे वय ५१ वर्षे असून मी बँकेत अधिकारी आहे. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेले नाहीत आणि आईने दागिने गहाण ठेवून, खानावळ चालवून आम्हां भावंडांना वाढवले. आज आमचे गृहकर्ज फिटले आहे, मुदत ठेवी आहेत, तरीही मी दिवसातून अनेकदा खात्यातली शिल्लक पाहतो आणि हॉटेलात बिल आले की माझ्या तोंडची चव जाते. पत्नी शिक्षिका आहे. माहेरून आल्याचे सांगितलेली पैठणी तिने स्वतःच्या पगारातून घेतली होती, हे नुकतेच कळले आणि तेव्हापासून आमचा अबोला आहे. समुपदेशकाकडे जाऊ, असे ती म्हणते. हिशेब तर मला येतो. मग फी भरून तिथे काय मिळणार?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हिशेब तुम्हाला येतो, हे खरेच आहे, आणि म्हणूनच हिशेबाने तुमची भीती कमी होत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही आणि असंख्य घरांत महिन्याचा पगार येणे कायमचे थांबले. त्या वेळी तुम्ही सात-आठ वर्षांचे असाल. आलेला पैसा कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतो, हा धडा तुम्ही त्या वयात घेतला आणि तेव्हा तो चुकीचाही नव्हता. आज निवृत्तिवेतनाची तरतूद असतानाही तोच धडा घर चालवतो आहे, एवढीच अडचण आहे.

समुपदेशक तुमच्या ठेवींची फेरमांडणी करणार नाही. ते काम गुंतवणूक सल्लागाराचे. अमेरिकेत पैसा आणि भावना यांची एकत्र सांगड घालणारी ‘फायनान्शियल थेरपी’ ही स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे दाम्पत्य समुपदेशनाचा अनुभव असलेला मानसशास्त्रज्ञ हे काम करू शकतो. (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारण्यात संकोच करू नका.) तो बहुधा दोघांच्याही माहेर-सासरची पैशाची कहाणी ऐकेल : घरात पैसे कोणाच्या हाती असत, कर्जाबद्दल कुजबुज होई की उघड बोलणे, हौस करणाऱ्याला नावे ठेवली जात का. बँकेचे ॲप उघडण्याच्या आधीच्या क्षणी मनात नेमके काय येते, हे तुम्हाला टिपायला सांगितले जाईल. ॲप उघडल्यावर घटकाभर सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेमुळेच पुन्हा पाहावेसे वाटते. म्हणून पुढे-पुढे ठरवून छोटा, अनावश्यक खर्च करायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शिल्लक पाहायची नाही, असे सराव दिले जातात. पहिल्या खेपांना अस्वस्थता वाढते. ती आपोआप ओसरते, हा अनुभव घेणे हाच त्या सरावाचा हेतू असतो, आणि कागदावरच्या कोणत्याही आकडेमोडीतून तो अनुभव मिळत नाही.

पैठणीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या साडीसाठी एका मिळवत्या शिक्षिकेला माहेरचे नाव पुढे करावे लागले, हे खोटे बोलण्यापेक्षा मला अधिक गंभीर वाटते. तिने लपवले म्हणून तुमचा संशय वाढला आणि तुमच्या प्रश्नांच्या धास्तीने तिने लपवले. हे चक्र एकट्याने तोडणे कठीण असते, म्हणून काही बैठका दोघांनी मिळून कराव्यात. किती रकमेपर्यंत कोणीही कोणाला विचारायचे नाही, हे तिथे ठरवता येईल. मात्र पत्नीचा पगार किंवा एटीएम कार्ड तुमच्या ताब्यात असेल, तर गोष्ट वेगळी आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे, आणि अशा स्थितीत जोडीने समुपदेशनाला बसण्याआधी तिचे पैसे तिच्या हाती देणे आवश्यक ठरते.

फीबद्दल बोलायचे तर पहिल्याच भेटीत साधारण किती बैठका लागतील, ते विचारा आणि ती रक्कम महिन्याच्या खर्चात आधीच वेगळी काढा, म्हणजे प्रत्येक वेळी पाकीट उघडताना नवा झगडा होणार नाही. तोपर्यंत बोलून मोकळे व्हावेसे वाटले, झोप उडाली किंवा छातीत धडधड वाढली, तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून आणि विनाशुल्क बोलता येते.