ऑटोमॅटिक गाडी ओव्हरटेक करताना क्षणभर अडखळते, असं का?

परशुराम घाटात ट्रकमागून बाहेर पडताना पेडल दाबलं तरी गाडी उचललीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमची गाडी एएमटी, म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या हुकमानं हलणारा यांत्रिक हात, चालवतो. पेडल दाबलं की तो क्लच दाबणार, खालचा गिअर टाकणार, मग क्लच सोडणार. तोवर चाकांना ताकदच नाही, आणि समोरून एसटी येत असेल तर तो क्षण जिवावर बेततो.

म्हणून ट्रकमागे असतानाच लिव्हर मॅन्युअलवर घेऊन गिअर उतरवा, इंजिनचा आवाज चढू द्या, रस्ता मोकळा दिसला तरच बाहेर पडा. वळणावर तर नकोच! हे हल्लीच सुरू झालं असेल किंवा चढावर जळका वास येत असेल, तर आधी क्लच तपासून घ्या.